दुसरं माप

"किल्ली दे," उदयसिंह म्हणाले. मुक्ता जागची हलली नाही. त्यांनी ती तिच्या हातातून हिसकावून घेतली आणि कपाट सताड उघडलं.

पुण्याहून आलेली ऋतुजा अवघडून उभी होती. नामांकित डिझायनरांचे जुने ड्रेस विकत घेणं हा तिचा धंदा. बायकोला न विचारताच उदयसिंहांनी तिला बोलावलं होतं. बावीस वर्षं मुक्ता हे परदेशी कॉकटेल ड्रेस जमवत होती. गुडघ्याएवढे, बिनबाह्यांचे, मण्या-टिकल्यांनी भरलेले. सोलापुरात असलं घालून जायचं कुठं? "घालायचे नसतात, जपायचे असतात," एवढंच ती म्हणायची, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चार पाहुण्यांत ते तिला 'मॅडम' म्हणून हिणवत. आज ती ब्याद एकदाची जाणार होती.

ऋतुजानं एकेक ड्रेस पलंगावर पसरला. लेबलं पाहून तिचे डोळे चमकले. मग तिनं अस्तर उलटं केलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा पडला.

"काका, हे मला नाही चालणार. सगळे उसवून नव्यानं शिवलेत. बगलेत घामाचे डाग आहेत. हे घालून कुणीतरी मनसोक्त नाचलंय."

"नाचलंय?"

"आणि मापं दोन आहेत. निम्मे काकूंच्या अंगाचे. बाकीचे कुण्या सडपातळ बाईचे."

उदयसिंहांची कानशिलं तापली. दर गुरुवारी ते मोहोळच्या दुकानावर जात, संध्याकाळी परतत. म्हणजे त्यांच्या माघारी, त्यांच्याच घरात!

"कोण येते इथं? नाव सांग तिचं!"

मुक्ता पलंगावरचे ड्रेस गोळा करू लागली. उदयसिंहांनी हात उगारला.

दारात चहाचा ट्रे जोरात आदळला. कुंभारीहून स्वयंपाकाला येणारी नागव्वा आत आली. या घरात तिचा कप वेगळा होता, आणि साहेबांपुढं तिनं कधी मान वर केली नव्हती. ती सरळ दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"बाईंवर हात टाकायचा न्हाय. दुसरी मीच हाय. दर बेस्तरवारी, तुमी मोहोळला गेलासा की, नाचतो आमी."

तिनं ढिगातला हिरवा ड्रेस उचलून छातीशी धरला.

"ह्यो माजा हाय. सरका सायेब, चुरगळंल."