रुमालाखालचा आकडा

मेंढपाळ बिरदेवच्या डोक्यात ओटीपी काही केल्या शिरेना. वस्त्यावस्त्यांवर जाऊन मोबाइलवरचे बँक-व्यवहार शिकवणाऱ्या ओतूरच्या निवृत्त शिक्षिका नंदाबाईंनी मोठ्या धीरानं पुन्हा समजावलं, "बिरदेवभाऊ, बेल्ह्याच्या बाजारात मेंढरांचा सौदा करताना रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगता ना? तो चारचौघांना कळू देता का?"

"छ्या! सख्ख्या भावाला बी न्हाई."

"मग ओटीपी म्हणजे तोच रुमालाखालचा आकडा समजा."

बिरदेवचा चेहरा उजळला. "आत्ता कसं! लई सोपं केलं बाई तुमी."

महिन्याभरात तोच बिरदेव पडलेल्या चेहऱ्यानं दारात उभा राहिला. मेंढरं घ्यायचीत म्हणून कुणा अनोळखी व्यापाऱ्याचा फोन आला होता. विसाराचे आगाऊ पैसे पाठवतो म्हणता म्हणता त्यानं बिरदेवचं खातंच धुऊन नेलं. लेकीच्या नर्सिंग कॉलेजची फी त्यातच होती.

"अहो, इतकं समजावलं होतं! ओटीपी सांगितलात कशाला?" बाईंचा आवाज चढला.

"तुमचा शबुद मोडला न्हाई, बाई. घरात बायकोला बी कळू दिला न्हाई," बिरदेव खाली मान घालून म्हणाला. "पन रुमालाखालचा आकडा गिऱ्हाइकाला तर सांगावाच लागतो ना?"

बाईंनी घाईघाईनं पायात चपला सरकवल्या.

तेच उदाहरण त्यांनी आजवर पंचक्रोशीतल्या प्रत्येक वस्तीवर दिलं होतं.