मोहाचा वास

"वास कसा येत होता, बाई? तिच्या श्वासाचा?" मोनाली मॅडमनी विचारलं.

"मोहाचा," कलाबाई म्हणाली. "दारूसाठी सडवतेत ना, तशा मोहाचा."

तिसऱ्या रांगेत बसलेल्या डॉक्टर अजीमचा पेन थांबला.

चंद्रपूरच्या एका दवाखान्यातला तो हॉल. चाळीसेक डॉक्टर, सगळे जंगलपट्टीतल्या आरोग्य केंद्रांतले. लहान मुलांचा मधुमेह ओळखायचा कसा अन् सांभाळायचा कसा, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्याचा हा दुसरा दिवस. सकाळची भाषणं पेंगत निघून गेली होती. जेवणानंतर दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टर मोनाली मॅडमनी पडदा गुंडाळला, "आता या शिकवतील" म्हणाल्या आणि हिरव्या लुगड्यातल्या या बाईला पुढं उभं केलं. बाईनं माइक घेतला नाही. तिचा आवाज तसाही शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होता.

तिची पोरगी स्वाती. नऊ वर्षांची, आश्रमशाळेत शिकणारी. दिवाळीला घरी आली ती नुसती हाडं घेऊन. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची. एवढी मोठी पोर अंथरूण ओलं करायला लागली. मग पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. मग श्वास.

"पडल्या जागी असा दम टाके," कलाबाई म्हणाली, "जशी पहाड चढून आली."

अजीमला आता बाईचा चेहरा ओळखायची गरज नव्हती. त्याला पहाडावरच्या आपल्या आरोग्य केंद्रातलं बाकडं आठवलं. त्यावर आडवी झालेली पोर, तिचे धुळीनं भरलेले पाय. बाहेर तापाच्या पेशंटची रांग गेटापर्यंत गेली होती. तो तिच्यावर वाकला होता, त्याला वास आला होता, आणि तो ताडकन सरळ झाला होता. "पोरीला दारू पाजता? लाज नाही वाटत?" साऱ्या रांगेदेखत. मलेरियाची तपासणी कोरी निघाली, तरी त्यानं मलेरियाचीच औषधं सुरू केली. अशक्तपणा दिसतोय म्हणून साखरेच्या सलाइनची बाटली लावली. शुगर पाहायचं मशीन त्याच्या टेबलाच्या खणातच होतं. ते म्हाताऱ्यांसाठी, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तो वास दारूचा नाही, मधुमेहाचा आहे, हे कळायला एक थेंब रक्त लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून चंद्रपूरला पाठवलं. वाटेत गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याच्या चिमण्या दिसायच्या आत पोर गेली. पुढं वर्षभर अजीम हा किस्सा सांगत आला होता. हे लोक पोरांना दारू पाजतात, उशिरा आणतात आणि मग आपल्या नावानं रडतात. सांगताना त्याला कधी अडखळायला झालं नव्हतं.

"डॉक्टरनं इचारलं, पोरीले पाजली काय. मी नाई म्हनलं," कलाबाई सांगत होती. "त्याईले खरं नाई वाटलं. माह्या घरवाल्याले, पोचूलेही नाई वाटलं. डॉक्टर मोठा मानूस, तो कायले खोटं बोलंन? पोचूनं वर्षभर माह्या हातचं पानी नाई पेलं."

मग गडचिरोलीकडचे डॉक्टर हरिदास उठून उभे राहिले. केस पिकलेले, चेहरा रागानं लाल झालेला.

"कोण होता तो डॉक्टर? नाव सांगा, बाई. असल्या माणसाला नोकरीत ठेवायचं नाही. आत्ताच्या आत्ता लिहून देतो मी वर."

कलाबाईची नजर रांगांवरून फिरली. तिसऱ्या रांगेवर ती थांबली की पुढं गेली, अजीमला कळलं नाही. त्यानं मान वहीत घातली.

"नाव कायले पायजे?" ती म्हणाली. "मी सांगून राह्यली ते लिहून घ्या."

चाळीस पेन चालू लागले. अजीमनंही लिहिलं. तहान. वजन. अंथरूण. दम. वास. अक्षर त्याचं त्यालाच वाचता येईना.

चहाच्या सुट्टीत ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती, बशीत चहा ओतून. तिच्याजवळ कुणी फिरकत नव्हतं. अजीम आला आणि तिच्या खालच्या पायरीवर बसला.

"बाई, तो डॉक्टर मी होतो."

"मालूम हाय. आत आली तवाच वळखलं."

"मग नाव काऊन नाई सांगतलं? सांगाले पायजे होतं तुम्ही. माझ्यामुळं तुमची पोरगी..." तो तिच्या पाया पडायला वाकला.

कलाबाईनं बशी खाली ठेवली. "माह्या पाया नका पडू. घरी या. पोचूसमोर उभं राहून सांगा, का हिनं पाजली नव्हती."

"येतो. उद्याच येतो."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग शोधत तोही बघत राहिला. राग असता तर सोपं गेलं असतं.

"उद्या या," ती म्हणाली. "उद्या माह्या लहानीचीही सुट्टी हाय. इथीच वार्डात हाय थे, बारा दिवसांपासून. तिलेही हेच निघालं. आता जनमभर दररोज सुई लागते म्हनते मॅडम." तिनं पदरानं तोंड पुसलं. "नाव सांगतलं असतं तं तुमाले काढून टाकलं असतं. मंग पोरीले मी कोनाकडं नेऊ? पहाडावर तुमच्याबिगर दुसरा डॉक्टर हाय काय?"