खिडकीतली आई

माझ्या नव्या अल्बममध्ये मी गिटार बोटांनी कमी आणि चमच्याने जास्त वाजवली आहे. आई म्हणाली, "भांडी घासल्यासारखं वाटतं रे, पण तुझं आहे म्हणून गोड मानून घेते." व्हिडिओसाठी मात्र तिने बाबांच्या हातचं एकुलतं एक चित्र स्वतः भिंतीवरून उतरवून दिलं. खिडकीत केस विंचरत बसलेली, तरुणपणची ती.

अ‍ॅनिमेशन करणारी म्हणाली, "मी एकाच कॅनव्हासवर रंगवते, फोटो काढते आणि आधीच्या चित्रावरच पुढचं रंगवते. आधी ह्या चित्राची नक्कल करून घेते, पंधरा दिवस जातील."

मला कुठला दम निघतोय. "मूळ चित्रावरच करा," मी म्हणालो.

आज आईने व्हिडिओ पाहिला. चित्रातली ती कंगवा ठेवून उठली, वळून हसली आणि निघून गेली. शेवटी नुसती खिडकी उरली. कॅनव्हासवरही आता तेवढीच आहे.

आईने डोळे टिपले. मग फडकं घेऊन भिंतीवरचा रिकामा खिळा पुसला.


"फिरून झालं असेल तिचं, तर आण आता तिला घरी."