लहान पाकिटं

ऐन पेरणीच्या तोंडावर अमडापूरच्या कडूबाच्या कृषी केंद्रातला कॉम्प्युटर असा काही घरघरायला लागला, की एका बिलाला पाव तास लागे. बाहेर रांग वाढली, तसं त्याने दुरुस्तीवाल्या शाइस्ताला बोलावलं.

तिने स्क्रीनवर पाहिलं. प्रोसेसर शंभर टक्के.

"काका, अपडेट आपोआप डाउनलोड होऊन राह्यले. सारी ताकद तेच खाऊन राह्यले."

तिने अपडेट बंद केले. आकडा दोनवर उतरला, पण घरघर तशीच. मग तिने वायरच उपसली. स्क्रीन काळी झाली. घरघर चालूच.

आवाज काउंटरखालच्या खोक्यातून येत होता.

"यात काय हाय, काका?"

"लहान पाकिटं. बीटी कपाशीच्या थैलीसंग साधी सरकी येते ना, बोंडअळीसाठी वावराच्या कडेनं लावाले. कोणी नेत नाही. इथंच टाकून जातात."

शाइस्ताने खोक्यात हात घातला. पाकिटं चालू मशीनसारखी तापली होती. तिने एक उचललं, तशी खोक्यातली घरघर तेवढ्यापुरती कमी झाली आणि तिच्या मुठीत एक बारीक घरघर सुरू झाली. घाबरायचं सोडून तिने ते कानाला लावलं.

तिकडे कडूबा हाताने पावत्या फाडू लागला होता. रांगेतल्या गोविंदाने बियाण्याची थैली काखेत मारली आणि लहान पाकीट नेहमीसारखं मागे सरकवलं.

"हे राहू द्या तुमच्यापाशीच."

कडूबाने न बघता ते खोक्यात टाकलं.

घरघर एका पाकिटाने वाढली.