पट्टीचं दुसरं टोक

"भाऊजी, चावी फिरवा." दिरानं फिरवली. टेम्पोच्या बदललेल्या इंजिनातून नुसतं 'टक' वाजलं. तिनं बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाला केबल धरली, तेव्हा स्टार्टर गरगरला. म्हणजे अर्थिंगच मिळत नव्हतं. "ह्यांनी पुन्हा तेच केलं!" ती कडाडली. गॅरेजात इंजिनं नवऱ्याची, वायरिंग तिचं. पण इंजिन आणि चेसिस जोडणारी अर्थिंगची पट्टी तो नेहमी रंगावरच आवळायचा, मग करंट अडायचा. "किती कानीकपाळी ओरडले, आधी रंग खरवडा म्हणून!" दीर चावी सोडून खाली उतरला. त्याचा भाऊ जाऊन महिनाही झाला नव्हता. तिनं चेसिसकडचा बोल्ट सोडवला. पट्टीखाली नाण्याएवढा पत्रा घासून आरशासारखा लख्ख केलेला होता. त्यानं ऐकलं होतं. "सापडला फॉल्ट, वहिनी?" तिनं पट्टीचं इंजिनाकडचं टोक पाहिलं. ते लावायचं त्याच्या हातून राहून गेलेलं, परवा तिनंच आवळलेलं, रंगावरच. "सापडला, भाऊजी. माझ्याच टोकाला. आज कधी नव्हे ते मला झापायला हे हवे होते."