भागवतचं घड्याळ

ताट वाढून तयार होतं, पण पित्तर म्हणून बसायला माणूसच नव्हता.

पितृपक्षातली अपघातात गेलेल्यांची चतुर्दशी. मेलेल्याच्या जागी त्याच्या वयाचा कुणीतरी पाटावर बसवायचा, त्याला पोटभर जेवू घालायचं, म्हणजे ते गेलेल्याला पोचतं. गेल्या वर्षी भागवतच्या जागी त्याचा चुलतभाऊ बजरंग बसला होता. यंदा त्याची सुप्याच्या कंपनीत ऐन वेळी पाळी लागली. भागवतच्या बापाचा, गोरक्षनाथचा, जीव टांगणीला लागला. तो दारात उभा राहून रस्ता न्याहाळत होता.

तेवढ्यात तिशीतला एक माणूस अंगणाच्या कडेला येऊन थांबला. आत यावं की माघारी फिरावं, हे त्याचं ठरत नसावं. हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. गोरक्षनाथनं "कोन पायजे?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं गाठ सोडून रुमालच पुढे केला.

काळी तबकडी, खाकी पट्टा. भागवतला पलटणीतून मिळालेलं घड्याळ. मागच्या बाजूला त्यानं खिळ्यानं कोरलेला 'भा' तसाच होता.

भागवत सुट्टीवर आला असताना गेला. अंगावरचं सगळं दवाखान्यातून मिळालं, घड्याळ तेवढं मिळालं नाही. ते पलटणीतच राहिलं असणार, असं घरच्यांनी धरून चाललं होतं. त्यामुळे ते घेऊन येणारा कोण, हे गोरक्षनाथला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. गावात घरटी एक माणूस फौजेत. दोस्ताचं सामान घरी पोचवायला आलेले जवान त्यानं आधीही पाहिले होते.

त्यानं आत हाक दिली, की भागवतच्या पलटणीतला दोस्त आलाय. पाहुण्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर भागवतची आई छबूबाई तांब्या घेऊन बाहेर आली होती. भागवतनंच आपला माणूस धाडला, असं म्हणत तिनं डोळ्यांना पदर लावला. मग त्याला बोलायला सवडच मिळाली नाही.

नाव सहादेव म्हणाला. गोरक्षनाथ त्याचे पाय धुवायला वाकला, तसे त्यानं पाय मागे ओढले. शिकलेली पोरं अशीच लाजतात, म्हणून म्हाताऱ्यानं ते हसण्यावारी नेलं आणि घोटे धरूनच पाय धुतले.

छबूबाई घड्याळ घेऊन धान्याच्या अंधाऱ्या खोलीत गेली. बाहेर आली ती ओल्या आवाजात सांगत, की अजून जळतंय. आकड्यांपाशी हिरवे ठिपके होते, ते. बाजारातल्या घड्याळांना आधी उजेड दाखवावा लागतो, याला नाही. काचेच्या बारीक नळ्यांत कसलासा वायू भरलेला असतो, तो आपला आपण वर्षानुवर्षं उजळत राहतो, मंद होतो तोही सावकाश. भागवतनं आईला हे चुलीपुढं बसून समजावलं होतं आणि तिनं ते सगळ्या आळीला सांगितलं होतं.

"मी पत्र्याच्या डब्यात ठेवलं हुतं," सहादेव खालमानेनं म्हणाला. "कपड्याखाली. जवा झाकन काढावं तवा जळतच असायचं."

दोस्ताची आठवण अशीच असते, असं गोरक्षनाथच्या मनात आलं. त्याला पाहुण्याविषयी माया वाटली.

पाहुणा पाटावर बसला. कपाळाला गंध लागलं, डोक्यावर टोपी आली. छबूबाईनं खीर वाढली, कढी वाढली, वडे वाढले.

"जेव बाबा. तू जेवलास म्हंजी त्यो जेवला."

सहादेवचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. भागवतला जाऊन दोन वर्षं झाली, पलटणीत तो घरचं कधी काही बोलायचा का, असं ती विचारत होती. आमची गाठ थोडाच वेळ पडली, एवढंच तो म्हणाला आणि पाण्याचा घोट घेऊन घास खाली ढकलला.

जेवणं झाल्यावर दोघं ओट्यावर बसले. आत छबूबाई भांडी घासता घासता नेहमीसारखी भागवतला धडक देऊन पळालेल्या, कधीच न सापडलेल्या टेम्पोवाल्याला तळतळाट देत होती. गोरक्षनाथला ते ऐकवेना. आजवर त्यानं ते मुकाट ऐकलं होतं. आज समोर लेकाच्या जागी जेवलेला माणूस होता, आणि त्याचा बांध फुटला.

"तिला ठाऊक न्हाई," तो हळू म्हणाला. "त्याच्या फटफटीचा हेडलाईट गेल्ता. मला म्हाईत हुतं. हिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर सुप्यात दुरुस्तीला दिल्ता, त्यो आनायचा हुता. पोरगं म्हनलं, सकाळी जातो. म्या म्हनलं, पिकं वाळत्यात, चांदनं हाय, जा."

सहादेव ओट्याच्या कडेला सरकला.

"गाव त्या टेम्पोवाल्याच्या नावानं बोटं मोडतंय. त्या बिचाऱ्याला बिनलाईटची गाडी दिसनार तरी कशी? पळाला खरा, पर आधी पोराला दवाखान्याच्या दारात नेऊन तरी सोडलं त्यानं. पोराला म्याच मारलं. रोज तिच्या हातची भाकर खातो, अन् रोज वाटतं, आज सांगावं."

त्याची मान खाली गेली. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती, आणि इतकं हलकंही.

सहादेवनं चपला पायात सरकवल्या. आता निघणार म्हणून गोरक्षनाथनं वर पाहिलं. सहादेवनं चपला पुन्हा काढल्या आणि तो म्हाताऱ्यासमोर खाली जमिनीवर बसला.

"चांदनं लख्ख हुतं, बाबा," तो म्हणाला. "मला त्यो लांबनंच दिसला हुता. मी मोबाईलवर बोलत हुतो."