एक मत फिरलं

काकांनी नेहमीप्रमाणे होकाराच्या बाजूची, मधल्या वाटेलगतची खुर्ची पकडली आणि वाटेपलीकडे नजर टाकली. राखाडी स्वेटरवाल्या बाई अजून आल्या नव्हत्या.

कॉलेजच्या जाहीर वादसभेची रीतच तशी होती. प्रस्तावाच्या बाजूचे उजवीकडे बसणार, विरोधातले डावीकडे. भाषणं ऐकून मत बदललं, तर सगळ्यांदेखत उठायचं, मधली वाट ओलांडायची आणि पलीकडे जाऊन बसायचं. नुसता हात वर करायला काही लागत नाही, पण धरलेली खुर्ची सोडायची म्हणजे जिवावर येतं. फारसं कुणी उठत नसे.

काका तर कधीच उठले नव्हते. विषय पाण्याचा असो, यंत्रांचा असो नाहीतर निवडणुकीचा, ते होकारात आणि त्या बाई नकारात. पोरांनी दोघांची नावंही पाडली होती, होकारकाका आणि नकारमावशी. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेल्या काकांना त्याचं वाईट वाटत नसे. कुणीतरी कुठल्यातरी नावाने हाक मारतं, तेवढंच पुरे होतं. घरी काय, रेडिओ बोलायचा तेवढाच.

“त्या मावशींना ओळखता का हो?” सभा चालवणाऱ्या प्राध्यापकांनी चहाचा कागदी कप त्यांच्यापुढे धरत विचारलं. “तुमची जुगलबंदीच लावली पाहिजे एकदा.”

“ओळखतो असं छातीठोक कसं सांगू?” काका म्हणाले.

“घरी कोण कोण असतं तुमच्या?”

“मुलगा परदेशात असतो.”

“अरे वा,” म्हणत प्राध्यापक माइक तपासायला गेले.

बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी पर्स मांडीवर रिकामी केली. रुमाल, चष्म्याचं घर, गोळ्यांची पट्टी. सगळं आत भरलं, पुन्हा बाहेर काढलं. मग एकदम मान वर करून त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मागे वळून बघितलं, तर मागे कुणीच नव्हतं. तोवर बाईंची नजर फिरली होती.

या बाईंनी एकदा आपल्याशी बोलावं, एवढीच काकांची इच्छा होती. सभेनंतर दोघं एकाच थांब्यावर, खांबाच्या दोन बाजूंना उभे राहत. आपणच सुरुवात करावी असं दर वेळी वाटे, पण जीभ रेटत नसे. वादात त्यांना काडीचाही रस नव्हता. इथे त्या निदान समोर तरी दिसत, म्हणून ते येत.

आजचा प्रस्ताव होता, शिकल्यासवरल्या मुलांनी परदेशी स्थायिक व्हावं. होकाराकडून एका चुणचुणीत मुलीने आकडे फेकले आणि टाळ्या घेतल्या. नकाराकडचा मुलगा दोनदा अडखळला. मग श्रोत्यांचे प्रश्न सुरू झाले आणि राखाडी स्वेटर उभा राहिला. आजवर बाईंनी सभेत तोंड उघडलं नव्हतं.

“मुलगा विचारतो, जाऊ का. घरातलं एक माणूस परस्पर ‘जा’ म्हणून मोकळं होतं,” बाई म्हणाल्या. “दुसरं जे मागे राहणार, त्याला कुणी विचारायचं असतं की नाही?”

“तो ज्याचा त्याचा वैयक्तिक निर्णय आहे,” मुलगी हसून म्हणाली.

टाळ्या पडल्या. बाई खाली बसल्या आणि स्वेटरच्या बाहीशी चाळा करत राहिल्या.

आजूबाजूचे अजून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांत बसणं त्यांना नकोसं झालं. ते उठले. गुडघा कुरकुरला, माना वळल्या. वाट जेमतेम दोन खुर्च्यांएवढी रुंद, पण काही केल्या सरेना. बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची पर्स होती. काका तिथे जाऊन नुसतेच उभे राहिले.

“एक मत फिरलं,” प्राध्यापकांनी माइकवरून जाहीर केलं. “आणि तेही होकारकाकांचं.”

मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. बाईंनी समोरची नजर हलवली नाही. फक्त पर्स उचलून मांडीवर घेतली. काका अंग चोरून बसले.

“घराची चावी आणलीत ना तुम्ही?” बाई हळूच म्हणाल्या. “माझी आतच राहिली. चला, आपल्या पोराचा फोन यायच्या आत पोचू.”